झाकण निघालं तर

रविवारी सकाळी साडेसातला सगळं घर गॅरेजमध्ये उभं होतं आणि कुणाचाच चहा धड झाला नव्हता.

ठरलं होतं ते साधं होतं. मागच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर ठरलं, ताईनं ते कागदावर लिहिलं आणि कागद फ्रिजवर चिकटवला. बोटीच्या इंजिनचं नवं झाकण या रविवारी साच्यातून धड निघालं तर बोट राहील. नाही निघालं तर सोमवारी नऊला भंगारवाला बोट घेऊन जाईल आणि गॅरेज सूनबाईला मिळेल. भंगारवाल्याला फोनसुद्धा झाला होता. नऊ म्हणजे नऊ, मला ताटकळत ठेवू नका, असं तो म्हणाला होता. म्हणजे या घरातल्या माणसांना तो ओळखत असावा.

सूनबाईला गॅरेज हवं होतं यात तिचं काही चुकत नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट. दीड वर्ष ती पेशंटना स्वतःच्या बेडरूममध्ये पलंगावर निजवून त्यांचे गुडघे वाकवत होती. तिचा नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, ड्रायव्हिंग शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर संध्याकाळी कामावरून आला की जिन्यात बसायचा, कारण त्याच्या उशीवर कुणाची तरी टाच असायची. पेशंट तपासायचं नवंकोरं टेबल तीन महिन्यांपूर्वी येऊन पडलं होतं. ते बोळात उभं करून ठेवलेलं होतं. त्याच्यावर घरातल्या प्रत्येकाचं कोपर एकदा तरी आपटलं होतं आणि त्या सगळ्या कोपरांवर सूनबाईनंच फुकट उपचार केले होते.

तर गॅरेजच्या मधोमध ट्रेलरवर ती बोट. सोळा फुटी. तिच्या डाव्या बाजूला आप्पा, म्हणजे ताईचे वडील, उजव्या बाजूला काका. चौदा महिने दर रविवारी हे असंच. आप्पा जन्मभर लेथवर काम केलेले, काका जन्मभर औषधाच्या दुकानात कंपाउंडर. सख्खे भाऊ, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणारे, आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक अक्षर न बोललेले. बोलायचं असलं की तिसऱ्या माणसाला सांगायचे. तिसरं माणूस बहुतेक वेळा आई असायची.

"त्याला सांग, टेबलाचा पाय हलतोय," आप्पा म्हणाले.

"भावजी, टेबलाचा पाय हलतोय," आई म्हणाली.

"ऐकलं मी. त्याला सांगा, हलत नाहीये, जमीन वाकडी आहे."

"जमीन वाकडी आहे म्हणतात."

आप्पांनी पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. विषय मिटला.

टेबलावर साचा ठेवलेला होता. एखादं मोठं टपच म्हणा, फक्त आतून आरशासारखं गुळगुळीत. ताईनं तो हातानं बनवला होता. आधी लाकूड आणि लांबी, म्हणजे पुट्टी, घेऊन झाकणाचा नमुना केला, तो चार आठवडे घासला, मग त्याच्यावरून फायबरचा हा साचा काढला. ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला. लोकांच्या कवळ्या बनवायची. साचा म्हणजे काय हे तिला या घरात कुणी शिकवायची गरज नव्हती. आता साच्याच्या आत रंगाचा थर लावायचा, त्याच्यावर फायबरची चटई अंथरायची, रेझिन नावाचं चिकट पातळ रसायन पाजायचं, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन, असे पाच थर. वाळलं की साच्यातून झाकण बाहेर काढायचं. सांगायला सोपं आहे.

तिनं भिंतीवर कामाची यादी लावली होती. साचा: आप्पा. रसायनं: काका. चटई कापणं: सूनबाई. वेळ बघणं: आई. मास्तरच्या नावापुढे नुसतं 'धरणं' लिहिलं होतं.

"धरणं म्हणजे काय?" मास्तरनं विचारलं.

"जे सांगीन ते धरायचं," ताई म्हणाली.

यादीत एवढंच होतं. लॅबमध्ये ताई प्रत्येक ट्रेबरोबर एक चिठ्ठी ठेवायची, काम झालं की करणाऱ्यानं टिक करायची, त्याशिवाय ट्रे पुढे जायचा नाही. घरी तिनं तशी चिठ्ठी ठेवली नाही. ठेवली असती तर दोघंही टोपी घालून आपापल्या घरी चालते झाले असते.

याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आप्पा आणि काकांच्या वडिलांचं एक छोटं वर्कशॉप होतं. त्यांचा एकच कायदा होता: काम दिलं की विचारायचं नाही. 'केलंस का' म्हटलं की झालंच, म्हणजे तुझ्यावर माझा भरवसा नाही. वर्कशॉप गेलं, वडील गेले, कायदा राहिला. या घरात गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, असं कुणी कुणाला विचारत नाही. प्रत्येक जण गुपचूप उठतो आणि स्वतः बघून येतो. पाच माणसांच्या घरात गॅस रोज पाच वेळा बंद होतो.

आणि जिथे स्वतः बघून यायचं राहतं, तिथे बोट बुडते. अकरा वर्षांपूर्वी तेच झालं. बोटीच्या तळाला मागच्या बाजूला पाणी काढून टाकायचं एक भोक असतं, त्याला पितळेचं बूच. बोट जमिनीवर असली की बूच काढून ठेवतात, पाण्यात सोडताना लावतात. आप्पांना वाटलं काकांनी लावलं. काकांना वाटलं आप्पांनी लावलं. बोट धक्क्याला बांधून सगळे जेवायला बसले आणि हात धुऊन येईपर्यंत ती तळाला टेकली होती. इंजिनचं झाकण तेवढं सुटून तरंगत राहिलं आणि धक्क्यावर आपटून आपटून त्याचे सात तुकडे झाले. त्या दिवशी दोघं एकमेकांना इतकंच म्हणाले, की मला वाटलं तू लावलंस. त्यानंतर बोलणं बंद.

चटई कापता कापता सूनबाईला कात्रीसाठी फळीवर हात घालावा लागला, तेव्हा तिला तो डबा दिसला. पिवळा, चपटा, पावकिलोचा. साच्याचं मेण. त्याच्या झाकणाभोवतीची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

तिला फायबरमधलं फार कळत नव्हतं, पण चौदा महिने ताईची बडबड ऐकून एवढं कळत होतं, की साच्याला आतून मेणाचे सहा हात लागतात. मेण नसलं की आतला माल साच्याला चिकटतो तो कायमचा. केक करताना भांड्याला लोणी लावतात ना, तसं, असं ताईच म्हणाली होती. दुसरा डबा असेल, सूनबाईला वाटलं. तिनं टेबलाकडे पाहिलं. साचा लखलखत होता. आप्पा त्याच्यावर मऊ फडकं फिरवत होते आणि त्यांचा चेहरा फार समाधानी होता.

तिनं तोंड उघडलं. मास्तरचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. ही त्याची सवय होती. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून, काही आपटणार असं वाटलं की त्याचा पाय ब्रेक शोधायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सूनबाईला त्या पायाचा अर्थ पाठ होता. विचारू नकोस.

तिनं तोंड मिटलं. डबा होता तिथेच ठेवला. मग तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेली आणि ती तिला मुळीच आवडली नाही. ती गोष्ट अशी, की सोमवारी नऊनंतर ते तपासायचं टेबल या खिडकीखाली छान बसेल.

साडेआठला रंगाचा थर लागला. दोन तास तो सुकू दिला, मग चटया सुरू झाल्या.

रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घातलं की हातात पंधरा मिनिटं असतात. सोळाव्या मिनिटाला डब्यात दगड तयार होतो. म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पटापट लावायचं. काका थेंब मोजत होते. तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात इंजेक्शनची सिरिंज. आयुष्यभर त्यांनी डॉक्टरांचं अक्षर वाचलं होतं, त्यामुळे एकदा वाचलेल्या आकड्यावर ते पुन्हा नजर टाकत नसत.

"सहा," ते म्हणाले. "वहिनी, त्याला सांगा, घड्याळ सुरू."

"सुरू," आईनं स्वयंपाकघरातलं अंड्याच्या आकाराचं टायमर पिळलं.

आप्पा ब्रशनं रेझिन ठोकत होते, ताई मागून रोलर फिरवून बुडबुडे काढत होती. मास्तर टेबल धरून उभा होता.

"त्याला म्हणावं, कोपऱ्यात कमी पडलंय," काका म्हणाले.

"कोपऱ्यात कमी पडलंय," आई म्हणाली.

"कोपऱ्यात मी अजून गेलोच नाहीये म्हणावं."

"अजून गेले नाहीत."

"दिसतंय. म्हणावं, जा."

"जा म्हणतात."

आप्पा कोपऱ्यात गेले. नऊ मिनिटं राहिली होती.

काकांना गंमत वाटत होती ती वेगळीच. आपला हात अजून थरथरत नाही, एवढंच ते मनाशी म्हणत होते. काकू गेल्याला तीन वर्षं झाली होती. ती गेली त्या दिवशी आप्पा आले आणि चार तास काकांच्या शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि एक शब्द बोलले नाहीत. काकांनाही बोलता आलं नाही. त्या दिवशी त्याने नुसतं 'बस जरा' म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं काकांना अजून वाटायचं. बोटीसाठी म्हणून ताईनं चौदा महिन्यांपूर्वी बोलावलं तेव्हा ते लगेच निघाले ते काही बोटीच्या प्रेमानं नव्हे. घरी दर रविवारी फार शांत असायचं.

पाचवा थर बसला तेव्हा पावणेबारा झाले होते. कुणी काही सांडलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. ताईनं मास्क काढला तेव्हा तिच्या गालांवर त्याचे वळ उठले होते.

"झालं," ती म्हणाली. "आता साडेचारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

जेवणानंतर मास्तरनं तिला मोरीपाशी गाठलं. ती ॲसिटोननं कोपरापासून हात पुसत होती.

"समजा नाही निघालं, तर?"

"निघेल."

"अगं, समजा."

"समजा काय समजा? तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस ते एकदा सांग."

"दोघींच्या."

"दोन्ही डगरींवर हात."

"माझ्या उशीवर लोकांचे पाय असतात, ताई."

ताईला हसू आलं. खरं सांगायचं तर तिला बोटीत फारसा रस नव्हता. लहानपणी ती त्या इंजिनच्या झाकणावर बसायची. खाली इंजिन, म्हणून ते झाकण कोमट असायचं. सुकाणूवर आप्पा, पुढे काका, मध्ये ती, आणि दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांना काहीतरी ओरडून सांगायचे आणि हसायचे. काय सांगायचे ते इंजिनच्या आवाजात कळायचं नाही. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर, काका चौऱ्याहत्तर. ते परत एका जागी बसून बोललेले तिला बघायचे होते आणि बोट नसली तर हे दोघं कुठल्या निमित्तानं एका छपराखाली येणार, ते तिला सुचत नव्हतं.

"ते दोघं गेले ना एकेक करून," ती म्हणाली, "तर मग आपण काय, शेवटचा निरोपसुद्धा आईकडून पोचवायचा?"

मास्तरचा पाय दाबला गेला.

साडेचारला पुन्हा सगळे जमले. ताईनं साच्याच्या कडेनं प्लॅस्टिकच्या पाचरी ठोकायला सुरुवात केली. निघताना एक आवाज येतो, कडक्, मग दुसरा, मग सगळं एकदम सुटतं. तिनं नमुन्यावरून साचा काढला तेव्हा तसंच झालं होतं.

पहिली पाचर आत जाईना. दुसरी वाकली. तिसरी तुटून आईच्या पायाशी पडली.

"पाणी सोड कडेनं," आप्पा म्हणाले. हे ताईला होतं. तिनं पाणी सोडलं. पाणी जमिनीवर गेलं. मास्तरनं गाडीच्या चाकात हवा भरायचा पंप आणला आणि कडेनं हवा मारली. हवा सगळ्यांच्या तोंडावर आली. मग ताईनं साचा उलटा केला आणि रबरी हातोड्यानं पाठीवर ठोकायला लागली. आधी हळू, मग जोरात. वीस मिनिटं ती ठोकत होती. आवाज एकसारखा येत होता, भरीव, एकाच वस्तूवर मारल्यासारखा. शेवटी तिनं हातोडा खाली ठेवला आणि उलट्या बादलीवर बसली.

"एक झालंय," ती म्हणाली. "साचा आणि झाकण. एक झालंय."

तेवढ्यात सूनबाई फळीपाशी गेली, पिवळा डबा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"हा सकाळपासून बंद आहे," ती म्हणाली. "मी बघितला होता. विचारणार होते, विचारलं नाही."

"का नाही?" ताईनं विचारलं.

"तुमच्याकडे विचारत नाहीत म्हणून." मग ती थांबली. "आणि मला गॅरेज हवं होतं म्हणून. थोडंसं. मी खोटं कशाला बोलू."

ताईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डब्याकडे.

आप्पा आईकडे वळले. "त्याला सांग, मेण हे औषध आहे. डब्यात येतं. रसायनं त्याच्याकडे होती."

"भावजी, मेण म्हणजे..."

"ऐकलं. त्याला सांगा, मेण साच्याला लावतात. साचा त्याच्याकडे होता. मी सकाळी बघितलं तर लखलखत होता. मला वाटलं सहा हात झाले असतील."

"ते पॉलिश होतं. दोन दिवस घासून केलेलं. म्हणावं, मला वाटलं आता त्याच्यावर तो मेण लावेल."

"मला वाटलं त्यानं लावलं."

हे वाक्य काकांच्या तोंडून निघालं. दोघांनाही ते वाक्य ओळखीचं होतं.

"यादीत मीच लिहिलं नाही," ताई म्हणाली. "लॅबमध्ये लिहिलं असतं. इथे मला वाटलं, लिहिलं तर दोघं रुसतील. चौदा महिने घातले मी याच्यात आणि तुम्हाला राग येऊ नये म्हणून दोन शब्द लिहिले नाहीत. माझ्यासारखी मूर्ख मीच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात फायबरच्या कुसळांनी भरलेले, त्यामुळे तिला ते पुसता येईना. पदर नव्हता की ओढणी नव्हती, म्हणून सूनबाईनं हाताशी होती ती स्वच्छ चटईची चिंधी उचलली, मग फायबर आहे हे लक्षात येऊन टाकली आणि स्वतःच्या बाहीनं ताईचे डोळे पुसले.

"मला एक कळत नाही," सूनबाई म्हणाली. ती अजून ताईशेजारीच उभी होती. "आज मेण होतं ते इथे होतं, फळीवर. तेव्हा ते बूच कुठे होतं?"

मास्तरचा पाय दाबला गेला.

"पाय काढ," सूनबाई म्हणाली. "ते बूच होतं कुणाकडे? लावलं नाही हे ठीक आहे. पण ते कुठेतरी असेलच ना?"

आप्पा म्हणाले, त्याच्याकडे. काका म्हणाले, त्याच्याकडे. एकाच वेळी म्हणाले, आणि पहिल्यांदाच मध्ये कुणी लागलं नाही.

"माझ्याकडे," आई म्हणाली.

ती पायरीवर बसली होती. टायमर अजून तिच्या हातात होता.

"सकाळी बोट खाली उतरवताना तुम्ही दिलंत," ती आप्पांना म्हणाली. "सांभाळ म्हणालात. मी डब्याच्या पिशवीत टाकलं. भावजींनी ते बघितलं. ते म्हणाले, असू दे वहिनी तुमच्याकडेच. मग बोट उतरवायच्या गडबडीत दोघंही विसरलात. मला वाटलं, लागेल तेव्हा कुणीतरी मागेल. कुणी मागितलं नाही. मग आपण जेवलो. वाढताना ते पातेल्याखाली होतं."

"अकरा वर्षं," काका म्हणाले.

"कुणी विचारलंच नाही."

"तू सांगायचंस की," आप्पा म्हणाले.

"सांगणार होते. त्या दिवशी तुम्ही दोघं इतके तापला होतात, म्हटलं दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांनी तुमचं बोलणं बंद झालं होतं. मग वाटलं, आता सांगितलं तर दोघं मिळून माझ्याशी बोलायचं बंद कराल. मला भीती वाटली. मग वर्ष झालं, मग सांगायला तोंड राहिलं नाही." तिनं टायमर बाजूला ठेवला. "जाऊबाई गेल्या त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. तुम्ही दोघं तिथे चार तास मुक्यासारखे उभे होतात आणि मी मागे उभी होते. ते मला अजून खातं, भावजी. तुमचे निरोप मी अकरा वर्षं पोचवले ना, ते त्याचंच."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पिपपिप करत होती, आणि सवयीनं मास्तरनं तिकडे मान वळवली.

"कुठाय ते आता?" काकांनी विचारलं.

"शिवणाच्या डब्यात. बटणांखाली."

"आणा."

आई आत गेली. काका टेबलापाशी आले, आणि कदाचित हातांना काहीतरी हवं म्हणून त्यांनी खिशातून टेप काढली. उलट्या पडलेल्या त्या एकजीव वस्तूला मास्तरकडून सुलटं करवलं आणि आतून माप घेतलं. लांबी घेतली, रुंदी घेतली. मग बोटीपाशी जाऊन इंजिनभोवतीच्या उभ्या काठाचं माप घेतलं.

"आतलं बरोबर आहे," ते म्हणाले.

"असणारच," आप्पा म्हणाले. "पण बाहेर साचा चिकटलाय सगळा."

"मग बाहेरचं कुणाला बसवायचंय? झाकण काठावरून खाली बसतं. आतलं माप बसलं की झालं."

"दुप्पट जाड होईल."

"होऊ दे."

"दिसेल कसं?"

"औषध कडू आहे म्हणून बाटलीत परत ओततात का?"

आप्पांनी यावर विचार केला. ताईनं मान वर केली होती. दोघं थेट बोलतायत हे त्या दोघांच्याच लक्षात आलेलं नव्हतं, आणि ते लक्षात आणून द्यायची कुणाची हिंमत नव्हती. मास्तरचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट दाबलेले होते.

ताई उठली. मास्क चढवला, ग्राइंडर लावला आणि साच्याची बाहेर आलेली कड चारी बाजूंनी कापून टाकली. पांढरी धूळ सगळ्यांवर बसली. जे उरलं ते बाहेरून खडबडीत, मळकट हिरवं आणि ओबडधोबड होतं. तिच्या लॅबमधून असली कवळी बाहेर गेली असती तर लॅब बंद पडली असती.

मास्तरनं ते एकट्यानं उचलायला घेतलं. वीतभर उचललं गेलं, मग त्यानं ते खाली ठेवलं आणि कंबर धरली. सूनबाईनं त्याच्याकडे धंद्याच्या नजरेनं पाहिलं.

"याला दोन माणसं लागणार," ती म्हणाली. "दर वेळी. इंजिन बघायचं असलं की दोन माणसं. आणि उचलताना गुडघ्यातून उचला, कमरेतून नको."

आप्पा एका टोकाला गेले. काका दुसऱ्या टोकाला गेले. दोघांनी गुडघे वाकवले. अर्धा मिनिट तसेच थांबले, कारण कुणीतरी आधी उचलायला हवं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं दुसरा उचलेल.

"तयार आहेस का?" आप्पांनी विचारलं.

अख्ख्या घरात कुणी कुणाला असा प्रश्न विचारलेला कुणाला आठवत नव्हता.

"आहे," काका म्हणाले. "तू?"

"आहे."

उचललं. बोटीच्या कडेवरून आत घेतलं. इंजिनच्या काठावर टेकवलं, ते खाली सरकलं आणि बसलं. ताई बोटीत चढली आणि त्याच्यावर बसून पाहिलं. हललं नाही. रेझिन अजून आतून तापत होतं, त्यामुळे ते कोमट होतं. ती तशीच बसून राहिली आणि रडली, आणि या वेळी तिचे डोळे पुसायला कुणी गेलं नाही.

सूनबाई दारात जाऊन फोनवर बोलत होती. "नाही, उद्या नको. हो, नऊला पण नको. नाही हो, ताटकळत कशाला ठेवू, म्हणून तर आत्ता सांगतेय." फोन ठेवून ती आत आली. "अजून दोन महिने पलंगावर काढीन," ती ताईला म्हणाली. "दोनच. उन्हाळा संपायच्या आत ही पाण्यात गेली पाहिजे. आणि मी तारीख विचारणार. रोज विचारणार."

"विचार," ताई म्हणाली.

मास्तरनं जिन्याकडे पाहिलं. सुस्कारा टाकला.

आई शिवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं बटणं बाजूला केली आणि ते पितळेचं बूच काढून काकांच्या हातावर ठेवलं. काळं पडलं होतं. काकांनी ते बाहीवर पुसलं, क्षणभर आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा टाका, वहिनी. आमच्या दोघांचा एकत्रच टाका." मग ते बोटीच्या मागच्या बाजूला गेले आणि खाली वाकले. गुडघ्यातून.

आप्पा पुढेच उभे होते. बूच फिरवल्याचा आवाज आला, किर्र, किर्र, आणि थांबला.

"लावलंस का?" आप्पांनी विचारलं.

"लावलं. येऊन बघ."

आप्पा गेले. खाली बसले, बोटानं चाचपलं, आणि पुरतं घट्ट आहे की नाही म्हणून अर्धा आटा आणखी पिळला. काका शेजारी बसून बघत होते. मग त्यांनी आप्पांना उठताना हात दिला.